त्यागापूर्वीची तयारी
(भंडारा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



परदेशातील आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा विषय निघाला की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांत ते होते. शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चौघे कालांतराने परतले. कोटणीस तेथेच राहिले, चिनी भाषा शिकले, जखमींवर शस्त्रक्रिया करता करता तेथील तरुणांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिशीत, निवर्तले. त्यांचा त्याग आपण स्मरतो. त्यांचे शिकवणे मात्र विसरतो. पथके येतात आणि जातात. मागे उरतात ती शिकून तयार झालेली माणसे.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर याच शहरातील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. १७ अर्भकांपैकी ७ वाचली, १० गेली. त्या घटकेला दिल्लीचे वा जिनिव्हाचे कोणते पथक धावून येणार होते? अशा रात्रीची तयारी आधीच्या दिवसांत करावी लागते.

म्हणून विनंती एवढीच: आपापल्या तालुक्यातील रुग्णालयात जा आणि विचारा, विजेच्या तारांची तपासणी केव्हा झाली? रात्री कक्षात कोण जागे असते? उत्तर मिळेपर्यंत उठू नका. कोटणीसांना याहून खरी आदरांजली नाही.