गाडी घेण्याआधी



मेळघाटासाठी रुग्णवाहिका घ्यावी असे आपण म्हणतो आहोत. १०८ची गाडी २०१४ पासून तातडीच्या रुग्णाला नेते. बाळंतिणीला १०२ची गाडी घरी सोडते. पण पाय मोडलेला कोरकू बाप अमरावतीच्या इस्पितळातून सुटला, की सेमाडोहच्या घाटाने धारणीपर्यंतचे सुमारे दीडशे किलोमीटर कसा येणार? एसटीत पाय लांब करायला जागा नसते. आपली गाडी त्याच्यासाठी. म्हणून महागडी यंत्रे नकोत. नियमांतली टाइप बी, म्हणजे रुग्ण ने-आण करणारी साधी गाडी पुरे. आरटीओत नोंद मात्र रुग्णवाहिका म्हणूनच हवी. जुनी जीप रंगवून भागत नाही.

गाडीला देणगी लवकर मिळते, दारावर नाव लिहिता येते. डिझेलवर कोण नाव लिहिणार? शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, हे आपण नेहमी सांगतो. दुसऱ्या दिवशी त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, ते राहून जाते.

दोन चालकांचा पगार, डिझेल, टायर, विमा यांची दोन वर्षांची वचने हाती येईपर्यंत गाडी बुक करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वचनपत्रे मागच्या बाकावर ठेवली आहेत.