गाळणी कुठली घ्यायची?
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)

कॉम्प्युटर इंजिनिअर गाळणीवर बोलणार म्हटल्यावर तुम्ही हसलात, ते साहजिकच आहे. पण सध्या मी औषध-संशोधनाच्या एका प्रयोगशाळेसाठी नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर लिहितोय. उंदरांना टोचायची द्रावणं तिथे तयार होतात. त्या नोंदीत ‘फिल्टर’ असा एक रकाना आहे. त्या एका रकान्यामागे केवढं काय दडलंय, ते आज सांगतो.

आपल्या घरी चहाची गाळणी वेगळी, पिठाची चाळण वेगळी आणि चक्क्याचं फडकं वेगळं. इथेही तसंच. सिरिंजच्या तोंडाला लावायची ती छोटी चकती निवडताना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला : अडवायचं काय? जंतू अडवायचे तर छिद्र ०.२२ मायक्रॉनचं हवं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! पूर्वी ०.४५ पुरेसं मानत. पण १९६०च्या दशकात त्यातूनही निसटणारा एक बारका जंतू सापडला, ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा. आज निर्जंतुक करणाऱ्या फिल्टरची परीक्षा त्यालाच घेऊन होते. दर चौरस सेंटिमीटरला किमान १ कोटी जंतू सोडायचे, पलीकडे एकही निघता कामा नये.

दुसरा : औषध विरघळवलंय कशात? पाण्यात असेल तर पीईएसचा पडदा चांगला. पण शुद्ध डीएमएसओ असेल तर पीईएस किंवा सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदाच खराब होतो. तिथे नायलॉन किंवा टेफ्लॉन लागतं. आणि साधं टेफ्लॉन पाण्याला आत घेतच नाही!

तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा : काय अडवायचं नाही? अर्थातच औषध! प्रथिनं नायलॉनला चिकटून बसतात, पीईएसला बरीच कमी. द्रावण दोन-चार मिलीच असेल तर हा तोटा जास्तच जाणवतो. औषध न विरघळता नुसतं कणांच्या रूपात तरंगत असेल, तर कण वरच अडकतात. मग उंदराला टोचलं जातं जवळजवळ नुसतं पाणी आणि नोंद होते, ‘औषध निरुपयोगी’. कुणाच्या तरी आजारावर चाललं असतं असं औषध तिथेच फाईलबंद होतं. म्हणून गाळण्याआधी आणि गाळल्यावर औषधाचं प्रमाण मोजायचं.

आणखी एक. जंतू अडले तरी मेलेल्या जंतूंचं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, आरपार जातं. बारीक विषाणूही जातात. तेव्हा पाणी आणि पावडर मुळातच स्वच्छ हवी. शेवटी त्याच ओल्या फिल्टरमधून हवा दाबून बघायची. सहज बुडबुडे आले तर पडदा फाटलाय, ते द्रावण वापरायचं नाही.

आमच्या त्या एका रकान्याचे आता पाच झालेत : छिद्र, पडदा, द्रावक, आधी-नंतरचं प्रमाण आणि हवेची चाचणी. टाईप करायला अर्धा मिनिट जास्त लागतो, एवढंच. बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी विचारा. चहा गाळलेला आहे!