अत्याचारग्रस्त स्त्री आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क

(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून. डॉक्टर नाही, वकीलही नाही. तरी या विषयावर बोलायला उभे आहोत, कारण एकदा आमच्या हातून चूक झाली. काही वर्षांपूर्वी गावाकडून पहाटे फोन आला. शेतमजुरी करणाऱ्या एका बाईवर रात्री अत्याचार झाला होता. आम्ही सांगितले, "आधी पोलिसांचे पत्र घ्या, मग दवाखाना." पत्र मिळेपर्यंत दुपार झाली. जवळच्या दवाखान्याने लेडी डॉक्टर नाही म्हणून जिल्ह्याला पाठवले. तिथे पोचायला रात्र झाली. अंगावरचे कपडे तोवर धुऊन वाळत पडले होते. आमचा सल्ला चुकीचा होता, हे पुढे वाचनातून कळले.

उशिराची किंमत महाराष्ट्राने पूर्वीही पाहिली आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. तिची तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री झाली. अंगावर जखमा नाहीत, हा मुद्दा तिच्याच विरुद्ध गेला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. देशभर निषेध झाला, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. जखम नाही म्हणजे अत्याचार नाही, असे कुणी म्हटले तर हे प्रकरण आठवावे. दोन बोटांची अपमानकारक चाचणीही सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली चुकीची ठरवली आणि २०२२ साली पुन्हा बजावले.

आता कायदा काय सांगतो? २०१३ पासून सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने अशा स्त्रीवर तातडीने मोफत उपचार केलेच पाहिजेत. नाकारणे हा गुन्हा आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही ही तरतूद कायम आहे. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती थेट दवाखान्यात आली तरी पोलिसांच्या पत्रासाठी अडवू नये. लेडी डॉक्टर नसल्यास प्रौढ स्त्रीची तपासणी पुरुष डॉक्टरने स्त्री कर्मचाऱ्यासमोर करावी. अठरा वर्षांखालील मुलीसाठी मात्र स्त्री डॉक्टरच हवी. तपासणीला संमती तिचीच. तिने नकार दिला तरी उपचार थांबत नाहीत.

भगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. धुतले असले तरी दवाखान्यात जावेच. कपडे प्लॅस्टिकमध्ये नव्हे, कागदी पिशवीत द्यावेत. एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते. आणि आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो: वेळ नसलेल्या कागदाला किंमत नसते. केसपेपरवर आल्याची वेळ लिहून घ्यावी, अहवालाची प्रत मागावी.

ती बाई त्या दिवशी एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात गेली, तेव्हा तिच्याबरोबर हे सांगणारे कुणी नव्हते. म्हणून मंडळाला आमची एकच विनंती आहे. प्रत्येक वस्तीतल्या दोन भगिनींची नावे आजच ठरवावीत. रात्री-अपरात्री हाक आली, तर त्यांनी सोबत जावे. खर्चाचा भार मंडळाने उचलावा. त्यात आमचा वाटा पहिला धरावा.

जयभीम.