सीमाभागातील ब्रॉडबँड आणि छोट्या कंपन्यांचे भवितव्य
(मेहकर येथे मराठी भाषिकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयपत्रिकेवर 'ब्रॉडबँड' हा शब्द पाहून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. आपण जमतो ते सीमाप्रश्नासाठी. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून निकालाची वाट पाहतो आहे. मराठी शाळांचे प्रश्न आहेत, मराठीतून कागदपत्रे मिळण्याचा प्रश्न आहे. त्यात हे इंटरनेटचे काय मध्येच? असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की थोडा वेळ द्या. मी सीमाप्रश्न सोडून बोलणार नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हा तोडला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, हुमनाबाद इकडे राहिले. ही रेघ पुढे टेलिफोन खात्याने जशीच्या तशी उचलली. आपण कर्नाटक सर्कलमध्ये, बीदरच्या टेलिफोन जिल्ह्यात. समोरचे लोक महाराष्ट्र सर्कलमध्ये, लातूरच्या टेलिफोन जिल्ह्यात. भालकीचा कोड ०८४८४, उदगीरचा ०२३८५. लेक उदगीरला दिलेली, म्हणून तिच्याशी दोन शब्द बोलायला रात्री दर उतरण्याची वाट बघत एसटीडी बूथवर रांग लावलेली माणसे या सभेत बसलेली आहेत. मोबाईल आले तेव्हा परवानेसुद्धा सर्कलप्रमाणेच वाटले गेले. इकडे स्पाइस, तिकडे बीपीएल आणि बिर्ला-एटी अँड टी, म्हणजे पुढची आयडिया. शीव ओलांडली की खिशातला फोन परका व्हायचा आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे.

ते दिवस गेले. १ मार्च २००६ पासून बीएसएनएलच्या 'वन इंडिया' योजनेने देशात कुठेही एक रुपयात मिनिटभर बोलता येऊ लागले. ३ जुलै २०१५ पासून राज्य बदलले तरी नंबर तोच ठेवता येऊ लागला. २०१६-१७ नंतर रोमिंगचा बोजाही उतरला. बोलण्यापुरती तरी १९५६ ची रेघ पुसली गेली, आणि ती कोणा मंत्र्याने पुसली नाही, धंद्यातल्या चढाओढीने पुसली, हे आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

मात्र याच चढाओढीत लहान कंपन्या संपल्या. स्पाइस २००८ मध्ये आयडियात गेली. बीपीएलचा मुंबईतला शिल्लक धंदा 'लूप' या नावाने चालला आणि २०१४ मध्ये बंद पडला. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, त्यात आणखी काही गळाल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ उतरली, भाव कोसळले, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा थांबली, टेलिनॉर आणि टाटाचे ग्राहक एअरटेलकडे गेले, व्होडाफोन आणि आयडिया एकत्र झाल्या. गिऱ्हाइकाचा फायदा झाला, खोटे कशाला बोला? शेतातल्या गड्याच्या हातात आज व्हिडिओ आहे तो याच स्वस्ताईमुळे. पण जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले, तेव्हा कुठे जायचे हे कोणालाच सुचेना. बीएसएनएलने दर वाढवले नाहीत, म्हणून काहींनी तिकडे धाव घेतली. ट्रायचे मासिक आकडे पाहिले तर देशातल्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक ग्राहक पहिल्या पाच कंपन्यांकडे आहेत. उरलेल्या शेकडो परवानाधारकांच्या वाट्याला दोन टक्केही येत नाहीत.

मोबाईलमध्ये छोट्याला आता जागा उरलेली नाही. तारेच्या, म्हणजे फायबरच्या इंटरनेटमध्ये ती थोडी शिल्लक आहे, आणि तिथे जो उभा आहे तो तुमच्या गल्लीतला केबलवाला.

या माणसाकडे जरा नीट पाहा. नव्वदच्या दशकात गच्चीवर डिश लावून त्याने घरोघर तार नेली. १९९५ चा केबल कायदा आला, त्याने नोंदणी केली. मग सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, २०१७ पर्यंत ते खेड्यांत पोहोचले, आणि स्वतःच्या जाळ्याचा हा मालक मोठ्या वितरकाचा वसुलीदार होऊन बसला. लोक टीव्ही सोडून मोबाईलवर पाहू लागले तसे त्याचे गिऱ्हाईक घटले. तगून राहायचे म्हणून त्याने कर्ज काढून फायबर ओढले, जोड मारायचे यंत्र घेतले आणि इंटरनेट विकू लागला. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा वारा कोणीकडे वाहतो आहे ते त्याला कळले. २०२३ पासून एअरफायबर आले. छपरावर एक डबी बसवली की तारेविना इंटरनेट, सोबत वाहिन्या, सिनेमे आणि मालिका, सगळे एकाच बिलात. आपला केबलवाला ते कुठून देणार?

त्याच्या अडचणी साध्या आहेत, पण बाहेरच्याला दिसत नाहीत. इंटरनेट तो स्वतः तयार करत नाही. घाऊक भावाने विकत घेतो, आणि घेतो ते बहुधा त्याच मोठ्या कंपन्यांकडून, ज्या किरकोळीत त्याच्याच गिऱ्हाइकाच्या दारी उभ्या असतात. तार न्यायची तर खांब विजेच्या कंपनीचे. इकडे जेस्कॉम, शिवेपलीकडे महावितरण. दोघांचे अर्ज वेगळे, भाडे वेगळे आणि साहेबही वेगळे. कोणत्या गिऱ्हाइकाने कधी जोडणी वापरली याच्या नोंदी दोन वर्षे जपून ठेवायच्या. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की पहिली तुटते ती याचीच तार.

आणि आता आपली सीमा. २०१३ च्या एकत्रित परवाना पद्धतीत इंटरनेट सेवेचे तीन वर्ग होते. 'अ' वर्ग म्हणजे सारा देश, प्रवेश शुल्क ३० लाख रुपये. 'ब' वर्ग म्हणजे एक सर्कल, २ लाख. 'क' वर्ग म्हणजे एक टेलिफोन जिल्हा, २० हजार. म्हणजे निलंग्याच्या एखाद्या होतकरू मुलाने लातूरचा 'क' परवाना काढला, तर तो अख्ख्या लातूर जिल्ह्यात तार नेऊ शकत होता, पण शिवेपलीकडच्या आपल्या गावात नाही. मोबाईलमध्ये पुसलेली १९५६ ची रेघ इथे लहान माणसाच्या पायात जशीच्या तशी राहिली. ३० लाख भरणाऱ्याला मात्र ती कधीच आडवी आली नाही. म्हणून आपले बहुतेक केबलवाले दुसऱ्या कुणाच्या परवान्यावर हस्तक म्हणून काम करतात. घाम यांचा, गिऱ्हाईक त्यांचे. दूरसंचार कायदा २०२३ आल्यापासून ही परवाना पद्धत बदलून 'प्राधिकार' पद्धत आणली जात आहे. नियम नव्याने लिहिले जातात, तेव्हाच बोलायचे असते.

कोणी विचारेल, केबलवाला जगला काय आणि गेला काय, समितीला त्याचे काय? तर ऐका. जमिनीची पहाणी 'भूमी' योजनेपासून संगणकावर आहे आणि ती कन्नडमध्ये आहे. दाखले, पेन्शन, पीकविमा, सगळे ऑनलाइन. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटक सरकारने त्याला विरोध केला, हे तुम्हाला माहीत आहे. असल्या योजनेची माहिती काढायची, कागद भरायचे, मराठी पुस्तके मुलांसाठी उतरवून घ्यायची, तर ती तारेवरूनच. आणि तार बिघडली की फोन करायचा कोणाला? मोठ्या कंपनीच्या यंत्रावर भाषा निवडायची, आकडे दाबायचे, तक्रार क्रमांक घ्यायचा आणि वाट पाहायची. आपल्या म्हातारीला ते जमत नाही. केबलवाल्याला ती "अरे बाबा, पोराचा फोटो दिसंना" एवढेच सांगते आणि तो संध्याकाळी शिडी घेऊन येतो.

मी त्याला देव्हाऱ्यात बसवायला आलेलो नाही. काही जण पावती देत नाहीत, शंभरची जोडणी सांगून दहाचीच चालवतात, पाऊस आला की फोन बंद ठेवतात. असल्यांना सोडून जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. 'मराठी माणसाचा धंदा' म्हणून वाईट सेवा सोसा, असे समितीने कोणाला सांगू नये. मी तरी सांगणार नाही.

पण लहान माणूस टिकू शकतो, याचा पुरावा आपल्या देशातच आहे. ट्रायच्या तारेच्या ब्रॉडबँडच्या यादीत जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि बेंगळूरूची एसीटी यांच्या पंगतीत पाचवे नाव येते केरळ व्हिजनचे. ही कंपनी केरळातल्या केबलवाल्यांनी एकत्र येऊन उभी केली. दहा लाखांहून अधिक जोडण्या आहेत. घाऊक खरेदी एकत्र, यंत्रसामग्री एकत्र, नाव एक. गल्लीतली तार आणि गिऱ्हाईक मात्र ज्याचे त्याचे. ब्राझीलमध्ये तर घरगुती ब्रॉडबँडचा निम्म्याहून अधिक बाजार लहान पुरवठादारांकडे आहे, कारण तिथल्या नियामकाने लहानांवरचे नियमांचे ओझे मोठ्यांपेक्षा हलके ठेवले. आपल्याकडे दोघांनाही एकच फूटपट्टी.

आपण साखर कारखान्यांच्या मुलखातली माणसे, त्यामुळे लगेच सहकारी संस्था सुचते. पण दूरसंचारचा परवाना आजवर कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीलाच मिळत आला आहे. तेव्हा भालकी, औराद, बसवकल्याण, उदगीर, निलंगा, देवणी इथल्या केबलवाल्यांनी मिळून एक कंपनी काढावी. कंपनीला शीव नसते. जुन्या दराने हिशेब केला तर बीदर आणि लातूर असे दोन 'क' परवाने म्हणजे ४० हजार रुपये होत होते. नव्या नियमांत जे काही ठरेल ते सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावे. समितीने यात पैसा घालू नये आणि संचालकही होऊ नये. आपले राजकारण त्यात शिरले की पहिल्याच निवडणुकीत कंपनी फुटेल. समितीने दोन्हीकडच्या माणसांना एका खोलीत बसवावे, एवढे पुरे.

दुसरे काम आपल्या पंचायतीतले आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या योजनेतून अडीच लाख पंचायतींपर्यंत सरकारी फायबर न्यायचे ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यासाठी १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर झाली, आणि पंचायतीपासून घरापर्यंतची तार सांभाळायला स्थानिक उद्योजक नेमून त्याला उत्पन्नात वाटा देण्याची सोय त्यात आहे. उद्या सकाळी आपापल्या पंचायतीत जा. भारतनेटची पेटी आहे का, तिचा दिवा लागतो का, कोणाच्या नावावर ती दिली आहे, हे लेखी विचारा. अर्ज मराठीत द्या आणि पोच घ्या.

आता मी ठराव वाचतो. "बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील सीमावर्ती गावांत सेवा देणाऱ्या लहान इंटरनेट पुरवठादारांना लगतच्या राज्यातील टेलिफोन जिल्ह्यातही एकाच प्राधिकारावर काम करता यावे, वीज कंपन्यांनी खांबांच्या भाड्यात लहानांना सवलत द्यावी, आणि भारतनेटचे स्थानिक उद्योजक नेमताना गावातील केबलचालकांना प्राधान्य मिळावे, अशी मागणी ही सभा दूरसंचार विभाग, ट्राय आणि दोन्ही राज्य सरकारांकडे करीत आहे." भालकी आणि निलंगा, दोन्ही बाजूंचे केबलचालक सभेला आले आहेत. प्रत्येक बाजूच्या एकाने उठून या ठरावाला अनुमोदन द्यावे, अशी माझी विनंती आहे.

जय महाराष्ट्र!