जुन्या शेगड्या आणि त्यांचे ओतारी



ऐन वैशाखात, पंखे पुरे पडत नसताना, मी तुमच्यापुढे शेगडीचा विषय घेऊन उभा आहे. चालकांना मी विषय कळवला तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि एकदा बाहेरच्या उन्हाकडे. शेगडीसुद्धा आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत चार-चार महिने बर्फ असते, तिथे घर उबदार ठेवण्यासाठी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात ज्या बिडाच्या उंच शेगड्या बैठकीच्या खोलीत मांडीत, त्यांची ही हकीकत आहे. त्या शेगड्यांचे तिकडे आज शौकीन आहेत. त्यांची संघटना आहे, संमेलने भरतात. गंजलेली शेगडी कुणाच्या तरी कोठारातून उचलून आणायची, पुरती सुटी करायची, घासायची, शिशाच्या पेन्सिलीत असते त्या ग्राफाइटचे काळे पॉलिश चढवायचे आणि पुन्हा पेटवायची, हा त्यांचा नाद.

मी अमेरिका पाहिलेली नाही. माझे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे सगळे वाचनालयाच्या बाकावर. आमच्या युनियनमधल्या एका जुन्या मोल्डरचा मुलगा मिशिगनमध्ये नोकरीला आहे. त्याने वडिलांना अशा एका शेगडीची चित्रे पाठवली. वडील ती घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, ही जाळी बघा. एवढी पातळ, आणि वाळूत ओतलेली! हा हात कुणाचा?" त्या प्रश्नाचा पाठलाग करता करता मी बरेच वाचले. त्यातले थोडे आज सांगतो.

प्रथम शेगडी कशी असते ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब असे, तो डोळ्यांपुढे आणा. बंबाच्या मधल्या नळीत आपण कोळसा टाकतो आणि सभोवती पाणी असते. अमेरिकेतल्या 'बेस बर्नर' नावाच्या शेगडीतही मध्ये एक बिडाची नळी असते. तिचे डोक्यावरचे नक्षीदार झाकण बाजूला फिरवून वरून कोळसा भरतात. मात्र कोळसा जळतो तो नळीच्या खाली, तळाशी. खालचा जळून गेला की वरचा आपल्या वजनाने खाली सरकतो. एकदा भरली की रात्र निघते. कोळसा पेन्सिल्वेनियाच्या ईशान्य भागातला अँथ्रासाइट, दगडासारखा कठीण. तो धूर जवळजवळ करीत नाही आणि सावकाश जळतो. शेगडीच्या चारी बाजूंना दारे, दारांत अभ्रकाच्या तावदान्या. त्यांतून निखाऱ्याचा लाल उजेड खोलीत पडतो आणि निखाऱ्यावर निळसर ज्योती नाचताना दिसतात. त्या ज्योती म्हणजे जळणारा कार्बन मोनॉक्साइड. धुराडे नीट ओढत नसेल तर तोच वायू घरातल्या माणसांचा जीव घेतो. म्हणून खरा शौकीन शेगडीइतकीच धुराड्याची चौकशी करतो.

अभ्रकाचा एक धागा आपल्याकडे येतो. शेगडीच्या तावदान्यांसाठी अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात खाणी चालल्या; पण पुढे दीर्घ काळ जगातल्या उत्तम अभ्रकाचा मोठा वाटा कोडरमा-हजारीबागच्या पट्ट्यातून जात असे. खाणीतून काढलेल्या अभ्रकाचे पापुद्रे सोडवणारे हात पुष्कळदा बायकामुलांचे असत. पण तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

अशा शेगड्यांची गावे ठरलेली होती. न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी ऑल्बनी आणि ट्रॉय, मॅसॅच्युसेट्समध्ये टॉन्टन, पुढे डेट्रॉइट. मोटारींच्या आधी डेट्रॉइटची कीर्ती शेगड्यांसाठी होती, हे आपल्यातल्या थोड्यांनाच ठाऊक असेल. मिशिगनमधल्या डोवॅजिऍक गावी बेकविथ नावाच्या कारखानदाराने 'राउंड ओक' शेगडी काढली. तिच्या टोकावर धातूचा रेड इंडियन उभा. १८६९ मध्ये बॉस्टनच्या आयझॅक ॲडम्स याने निकेलच्या मुलाम्याचे पेटंट घेतले, आणि मग काळ्या बिडावर चंदेरी कडा, कठडे, मुठी यांची चढाओढ लागली. मला स्वतःला त्या अतिशय सजवलेल्या वाटतात. एखाद्या वरातीतल्या घोड्यासारख्या. पण आमच्या मोल्डरने चित्रावर बोट ठेवले होते ते निकेलवर नव्हे, जाळीवर, आणि त्याचे बरोबर होते.

आपल्या कोल्हापूरच्या बाजूला ओतशाळा पुष्कळ आहेत, तेव्हा हे काम समजावून देणे सोपे जाईल. लाकडी किंवा धातूचा पॅटर्न ओलसर वाळूत दाबायचा, वाळू ठोकायची, पॅटर्न न धक्का लागता उचलायचा आणि त्या पोकळीत वितळलेले लोखंड ओतायचे. वाळू फार ठोकली तर वाफ कोंडते आणि माल फुटतो, कमी ठोकली तर फुगतो. शेगडीचा पत्रा काही ठिकाणी जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाड. लोखंड जरा थंड झाले की टोकापर्यंत पोचतच नाही आणि फुलाची पाकळी अर्धी राहते. मजुरी नगावर, बिघडलेल्या नगाची मजुरी बुडाली. क्युपोलातून लोखंडच थंड आले तर त्यात ओताऱ्याचा दोष काय? या एका प्रश्नावर तिकडे वर्षानुवर्षे भांडणे झाली.

या ओताऱ्यांनी १८५९ मध्ये फिलाडेल्फियात आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिचा प्राण म्हणजे विल्यम सिल्व्हिस, स्वतः ओतारी. १८६३ मध्ये तो अध्यक्ष झाला आणि गावोगाव हिंडू लागला. गाठीला पैसा नसे. इंजिनवाल्याच्या विनवण्या करून इंजिनावर बसून जाई. त्याच्या भावाने लिहून ठेवले आहे की त्याच्या अंगावरच्या शालीला बारीक बारीक भोके पडलेली होती. परक्या गावच्या ओतशाळेत शिरून तो हातात लॅडल घेतलेल्या ओताऱ्यांशी बोलत उभा राही, तेव्हा लोखंडाचे थेंब उडून पडलेली ती भोके. १८६९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षात, तो वारला. मी तीस वर्षे युनियनचे काम करतो. प्रचाराची पुष्कळ पुस्तके वाचली, पण त्या शालीइतके मला कुणी काही सांगितलेले नाही.

मालकांनी काय करावे? ओताऱ्याने पोटात मजुरी देऊन हाताखाली पोरे ठेवावीत, म्हणजे पोरांच्या नावाने माल दुप्पट निघेल आणि दर खाली येईल. संघटनेने याला कसून विरोध केला. आपल्याकडच्या ठेकेदारी पद्धतीत हेच चालते, फक्त पोटात घेणारा निराळा असतो.

आता त्या नक्षीकडे पुन्हा वळू. १८८६ मध्ये शेगडीच्या कारखानदारांनी आपली संरक्षण संघटना काढली. १८८७ मध्ये सेंट लुईच्या ब्रिज, बीच कंपनीतल्या ओताऱ्यांनी पंधरा टक्के वाढ मागून संप केला. मालकांनी युक्ती काढली: संपातल्या कारखान्याचे पॅटर्न पेटीत भरून दुसऱ्या गावच्या कारखान्यांना पाठवायचे, तिथले ओतारी तोच माल काढतील, संप आपोआप मरेल. पॅटर्न गावोगाव पोचले. तिथल्या ओताऱ्यांनी ते हातात घ्यायला नकार दिला. ज्या फुलापानांच्या पॅटर्नला आज शौकीन भिंग लावून पाहतात, तसला पॅटर्न तेव्हा संपफोड्या ठरला होता! एकामागून एक ओतशाळा बंद पडल्या. शेवटी पॅटर्न मागे घ्यावे लागले. दोन्ही बाजूंना एकमेकांची ताकद कळली. १८९१ च्या मार्च महिन्यात शिकागोला दोन्ही संघटना बसल्या आणि ठरले की तंटा झाला तर दोघांचे तीन-तीन प्रतिनिधी तो सोडवतील, आणि तोवर काम चालू राहील. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पातळीवरच्या टिकाऊ सामुदायिक करारांत याला पहिला मान देतात. पुढे थंड लोखंडाने बिघडलेल्या मालाचा प्रश्नही याच वाटेने टेबलावर आला.

हे सहज घडले नाही आणि केवळ एकजुटीने घडले असेही मी म्हणणार नाही. ती पातळ जाळी कुणालाही ओतता येत नसे, म्हणून ओताऱ्याच्या 'नाही'ला किंमत होती. साचे करणारी यंत्रे आली, घरोघर तळघरातली भट्टी आणि गॅस आला, आणि ती किंमत उतरली. शेगड्या कोठारात गेल्या. दुसऱ्या महायुद्धात मोड गोळा करण्याच्या मोहिमांत कित्येक वितळल्या. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा लोकांना लाकूड-कोळशाची आठवण झाली आणि उरल्यासुरल्या बाहेर निघाल्या.

सगळ्यात मोठ्या शेगडीची गोष्ट मात्र गमतीची आहे. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी मिशिगन स्टोव्ह कंपनीने आपल्या 'गारलंड' शेगडीची पंचवीस फूट उंच प्रतिकृती केली. ती पूर्णपणे ओक लाकडाची, बिडासारखी रंगवलेली. पुढे ती डेट्रॉइटमध्ये उभी होती. तिच्यात कधी विस्तव पडला नाही, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये वीज पडून ती जळून गेली.

सरकारलाही या नक्षीची दखल घ्यावी लागली. ऑरेगन राज्यात २०१० पासून घर विकताना धूर करणारी अप्रमाणित लाकडाची शेगडी काढून नष्ट करण्याचा कायदा आला. हवा स्वच्छ ठेवण्याचा हा कायदा मला योग्य वाटतो. धूर शेजाऱ्याच्याही छातीत जातो. त्यात सूट कुणाला? जी १९४० पूर्वीची, नक्षीदार घडणीची आणि साध्या शेगडीपेक्षा पुष्कळ अधिक मोलाची असेल तिला. म्हणजे त्या पाकळीने शेगडीचा जीव वाचवला.

शौकिनांना ओताऱ्याचे महत्त्व एका अडचणीने कळते. जुनी शेगडी सापडते ती बहुधा एखादा पाय किंवा दार नसलेली. दुसऱ्या तशाच शेगडीचे दार आणून त्यावरून वाळूत साचा घेतला तर नवे दार लहान निघते, कारण बीड थंड होताना फुटामागे सुमारे अष्टमांश इंच आक्रसते. बिजागरी जुळत नाही. म्हणून मूळ नमुना आधी तेवढा वाढवावा लागतो आणि त्यासाठी जाणता माणूस शोधावा लागतो. असे जाणते आता तिकडे थोडे उरले आहेत.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडे जाल तेव्हा ऑल्बनीच्या कला-इतिहास संग्रहालयात या शेगड्या पाहायला मिळतात. दर्शनी भागावर कंपनीचे नाव, गाव, पेटंटची तारीख, नमुन्याचा क्रमांक, सगळे ठळक अक्षरांत ओतलेले असते. ओताऱ्याचे नाव कुठेच नसते. कुणी रखवालदार भला भेटला तर त्याला दार उघडायला सांगा आणि पत्र्याची आतली बाजू पाहा. तिथे पॉलिश नसते, निकेल नसते. वाळूचा कण न् कण उमटलेला असतो. आमच्या मोल्डरने चित्र पाठवणाऱ्या मुलाला हेच कळवले आहे, की पुढच्या खेपेस फोटो आतून काढ.