अंकल फॉरी आणि त्याला आलेली पत्रं

मागच्या भागात नारायण धारपांविषयी बोलताना मी सांगितलं होतं, की त्यांची ‘आजी’ ही कथा स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’वर बेतलेली आहे आणि ‘तुंबाड’मधली ती साखळदंडातली म्हातारी तिथूनच पुढे आली. त्यावर काही जणांनी विचारलं, मग किंग कुठून आला? उत्तर लांबलचक आहे, पण त्यातला एक धागा पस्तीस सेंटला मिळणाऱ्या एका अमेरिकन मासिकापर्यंत जातो. ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’. आजचा भाग त्याच्यावर. खरं सांगायचं तर, त्याच्या वाचकांवर.

आधी कबुली. ह्या मासिकाचं नाव मी वर्षानुवर्षं ऐकत होतो. स्पीलबर्ग, पीटर जॅक्सन, जॉन लँडिस, सगळे त्याचं नाव घेताना हळवे होतात. गियेर्मो देल तोरो तर सांगतो की मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात लहानाचा मोठा होताना तो हे मासिक समजावं म्हणून इंग्रजी शिकला. त्यामुळे एका मित्राने अमेरिकेहून चार जुने अंक आणून दिले तेव्हा मी ते अक्षरशः हात धुऊन उघडले. आणि माझा चेहरा पडला. काय हो हे? पानोपानी पाचकळ कोट्या! हॉलिवूड, कॅलिफोर्नियाला हा माणूस ‘हॉररवूड, कार्लोफोर्निया’ म्हणतो. स्वतःला ‘डॉ. ऍकुला’ म्हणवतो. समीक्षा जवळजवळ नाहीच. सिनेमाची गोष्ट, मोठमोठे फोटो, फोटोखाली आणखी एक कोटी. मागच्या पानांवर रबरी मुखवट्यांच्या आणि आठ मिलिमीटरच्या रिळांच्या जाहिराती. ह्यावर एवढी माणसं जीव टाकतात?

हा माणूस म्हणजे संपादक फॉरेस्ट जे. ऍकरमन, पोरांचा ‘अंकल फॉरी’. प्रकाशक जेम्स वॉरन. पहिला अंक १९५८ सालचा. मुखपृष्ठावर फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचा मुखवटा घालून खुद्द प्रकाशकच उभा. एकच अंक काढायचा, असं ठरलं होतं. पण वेळ अचूक साधली गेली. ऑक्टोबर १९५७मध्ये युनिव्हर्सलचे बावन्न जुने सिनेमे एकगठ्ठा टीव्हीला विकले गेले होते आणि आई-बापांच्या पिढीचे ड्रॅक्युला आणि ममी रात्री उशिरा पोरांच्या घरात येऊ लागले होते. अंक हातोहात खपला. वॉरनचा हट्ट एकच, वाचक अकरा-साडेअकरा वर्षांचा आहे, त्याला हसव. कोट्यांचं मूळ हे. ऍकरमनला मुळात काहीतरी गंभीर काढायचं होतं, असं म्हणतात.

आता एक गोष्ट डोळ्यांसमोर आणा. सिनेमा एकदा टीव्हीवर लागला, संपला, की गेला. व्हिडिओ नाही, काही नाही. परत कधी लागेल सांगता येत नाही, आणि लागला तरी रात्री, घरचे झोपायला पाठवतात त्या वेळी. म्हणजे त्या पोरांसाठी ह्या मासिकातला फोटो हाच सिनेमा. लॉन चेनीच्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’चंच बघा. तो उंच टोपी आणि करवतीसारखे दात असलेला चेहरा पिढ्यांना पाठ आहे, आणि सिनेमा त्यांच्यातल्या जवळपास कुणीच पाहिलेला नाही. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५मध्ये एमजीएमच्या गोदामाला लागलेल्या आगीत गेली. उरले ते फोटो. आणि बॅझिल गोगोसची मुखपृष्ठं! काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या कार्लोफच्या चेहऱ्यावर तो एका बाजूनं हिरवा आणि दुसऱ्या बाजूनं लाल उजेड टाकायचा. हे मात्र मला पहिल्या फटक्यात आवडलं, लपवत नाही.

पण माझं मत फिरलं ते पत्रांच्या पानांवर. सदराचं नावसुद्धा कोटीच, ‘फँग मेल’. तिथे पोरांची पत्रं तर यायचीच, शिवाय ‘पाहिजेत! असे आणखी वाचक’ अशा मथळ्याखाली त्यांचे फोटो छापायचे. एखाद्या गावातला चष्मेवाला, दात पुढे असलेला मुलगा. वर्गात त्याला वेड्यात काढत असणार. आणि देशभर विकल्या जाणाऱ्या मासिकात त्याचा फोटो, नावासकट. ते पान मी बराच वेळ बघत बसलो.

सातवीत असताना मीही एका मराठी मासिकाला पत्र लिहिलं होतं. सोबत भुताची गोष्ट, फुलस्केपचे अकरा कागद, परतीचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट. दिवाळीपर्यंत वाट पाहिली. काही आलं नाही. आता हसू येतं, पण त्यानंतर पुढची दहाएक वर्षं मी काही लिहिलं नाही हेही खरं. असो.

तर जो डँटे नावाच्या एका मुलानं १९६२च्या सुमारास ऍकरमनला पत्र पाठवलं, आजवरच्या सर्वांत वाईट भयपटांची यादी करून. ऍकरमननं तिचा लेखच छापला, ‘डँटेज इन्फर्नो’. पुढे हाच डँटे ‘ग्रेमलिन्स’चा दिग्दर्शक झाला. त्याच्या ‘द हाउलिंग’मध्ये एका पुस्तकाच्या दुकानात एक म्हातारा घुटमळताना दिसतो, हातात ‘फेमस मॉन्स्टर्स’चे अंक. तो ऍकरमन. रिक बेकरचंही तसंच. चेहऱ्यामागे मेकअप करणारा माणूस असतो, त्याला नाव असतं, हे त्याला ह्याच पानांतून कळलं. वॉरननं १९६५मध्ये डिक स्मिथचं घरच्या घरी राक्षस बनवण्याचं पुस्तकच काढलं होतं. बेकर पुढे स्मिथचा मदतनीस म्हणून ‘एक्झॉर्सिस्ट’वर होता, आणि मेकअपचं पहिलं स्पर्धात्मक ऑस्कर त्यालाच मिळालं.

सगळे खूश होते असं अजिबात नाही. पोरं मोठी झाली तशी कुरकुरायला लागली. कोट्या पुरे करा, जरा नीट लिहा. सत्तरच्या दशकात जुनेच लेख पुन्हापुन्हा छापले जायला लागले तेव्हा तर ओरड रास्तच होती. ज्यांना गांभीर्य हवं होतं ते ‘कॅसल ऑफ फ्रँकेन्स्टाइन’कडे, नंतर ‘सिनेफँटास्टिक’कडे गेले. १९८३मध्ये वॉरनचं मासिक बंद पडलं. नव्वदीत ते पुन्हा निघालं, आणि त्यावरून ऍकरमनला कोर्टाची पायरी चढावी लागली, पण तो वेगळ्या भागाचा विषय आहे.

गंमत म्हणजे कुरकुरणारेसुद्धा शनिवारी त्याच्या घरी जायचे. लॉस एंजेलिसमधलं अठरा खोल्यांचं घर, मुखवटे, पोस्टरं, पुस्तकं ह्यांनी खच्चून भरलेलं, आणि कुणालाही खुलं. बेला लुगोसीची ड्रॅक्युलाची अंगठी स्वतःच्या बोटात घालून म्हातारा सगळं दाखवत फिरायचा. डिसेंबर २००८मध्ये तो गेला. आपले धारपही त्याच वर्षी गेले.

आता किंग. लहानपणी त्यानं एक गोष्ट ‘स्पेसमेन’कडे पाठवली, हे ह्याच मंडळींचं दुसरं मासिक, संपादक ऍकरमनच. गोष्ट नाकारली गेली. बऱ्याच वर्षांनी किंग लॉस एंजेलिसच्या एका दुकानात पुस्तकांवर सह्या करत बसला होता. रांगेतून ऍकरमन पुढे आला आणि त्यानं सहीसाठी पुस्तकाऐवजी कागद ठेवले. आईनं नाताळात दिलेल्या टाइपरायटरवर किंगनं टाइप केलेली तीच गोष्ट. नाकारलेली, आणि इतकी वर्षं जपून ठेवलेली. १९९४मध्ये ती ‘फेमस मॉन्स्टर्स’मध्ये छापूनही आली.

तुमच्या ई-मेलपैकी सोळा मेलना माझं उत्तर गेलेलं नाही. त्यात नाशिकच्या एका आठवीतल्या मुलानं पाठवलेली गोष्टही आहे, हडळीची. रेकॉर्डिंग थांबवतो आणि आधी ती वाचायला घेतो. भेटू पुढच्या भागात.