काचेच्या कपाटातली उपकरणं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं फिलिपिन्समध्ये, मनिलात होतो. तिथल्या शिक्षणाविषयी चार शब्द बोल, असं संयोजकांनी सांगितलं. मी एकाच संस्थेविषयी बोलणार आहे, आणि तिच्या आडून आपल्या शाळेविषयीही. हे आधीच सांगून ठेवतो.

मनिलातलं सांतो तोमास हे कॅथलिक विद्यापीठ डॉमिनिकन धर्मगुरूंनी १६११ साली स्थापन केलं. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी १९ वर्षं. तिथे वैद्यकीय शाखा १८७१ मध्ये सुरू झाली. आपलं मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, त्यामुळे तेवढ्यापुरते आपण थोरले! विद्यापीठाची मुख्य इमारत १९२७ ची. रोके रुआन्यो या इंजिनिअर धर्मगुरूंनी भूकंपाचा विचार करून ती ४० सुट्या भागांत बांधली. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी याच आवारात हजारो परदेशी नागरिकांना १९४५ पर्यंत डांबून ठेवलं होतं. असं सगळं पाहिलेली ही वास्तू.

या विद्यापीठाचा सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे होसे रिझाल. १८७८ मध्ये तो वैद्यकीय शाखेत आला. १८८२ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून, आईवडिलांनाही न सांगता, स्पेनला गेला. माद्रिदमध्ये डॉक्टर झाला, पुढे डोळ्यांचा तज्ज्ञ झाला, स्वतःच्या आईच्या डोळ्यांवर त्याने शस्त्रक्रिया केली. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. आज तो त्या देशाचा राष्ट्रपुरुष आहे.

या रिझालने १८९१ मध्ये 'एल फिलिबुस्तेरिस्मो' ही कादंबरी छापली. तिच्यात याच विद्यापीठातला भौतिकशास्त्राचा तास रंगवला आहे. उपकरणं काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दाखवण्यापुरती. मुलांचा हात त्यांना लागायचा नाही. गुरुजी एका मुलाचा भर वर्गात पाणउतारा करतात. तो उलट उत्तर देतो आणि वर्गातून निघून जातो. (तुम्ही हसताय, कारण आपल्या प्रयोगशाळेचं कुलूप सर्वांना आठवतंय!)

मग विद्यापीठाने काय केलं? आज ते रिझालला अभिमानाने आपला विद्यार्थी म्हणवतं. विद्यापीठाचे इतिहासकार फादर फिदेल व्हिल्यारोएल यांनी १९८४ मध्ये जुनी दप्तरं तपासून पुस्तक लिहिलं आणि रिझालवर तिथे अन्याय झाला नव्हता, असं मांडलं. ते सर्वांना पटेलच असं नाही. पण मला पद्धत आवडली. तक्रारीला पुराव्याने उत्तर दिलं. तक्रार करणाऱ्याला परका ठरवलं नाही.

आता आपल्याकडे येतो. आपला एक वर्गमित्र आज इथे नाही. फी थकली की त्याला वर्गाबाहेर उभं केलं जायचं. नववीत त्याने शाळा सोडली. मेळाव्याला तो आला नाही, पण स्मरणिकेसाठी त्याने दोन पानं लिहून पाठवली आहेत. संपादक मंडळात चर्चा चालू आहे, की आनंदाच्या प्रसंगी हे कशाला? शिक्षकांना वाईट वाटेल.

ती पानं मी वाचली आहेत. त्यात एकाही शिक्षकाचं नाव नाही. मराठीच्या बाईंनी स्वतःच्या पैशांनी घेऊन दिलेल्या वह्यांचा उल्लेख मात्र आहे. ज्याला शाळेविषयी काहीच वाटत नाही, तो एवढ्या वर्षांनी दोन पानं लिहीत बसत नाही.

सर, बाई, तुमच्यासमोर हे बोलताना मला संकोच वाटतो आहे. तुमचीही बाजू आहेच. एका वर्गात साठ-साठ मुलं होती, वरून फीच्या वसुलीचा तगादा होता. तेही आम्हाला कळायला हवं. म्हणून माझी विनंती एवढीच, की त्याची दोन पानं एक शब्दही न कापता छापा. आणि तुमच्यापैकी कुणाला उत्तर द्यावंसं वाटलं, तर तेही त्याच्याच शेजारी छापा.

अंक निघाला की पहिली प्रत मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देईन. सोबत कोण येतंय, ते जेवणाच्या सुट्टीत सांगा.